हातात बॉल नसताना: हायस्कूलचा स्टार गार्ड आणि कॉलेजचं पहिलं वर्ष

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हायस्कूल बास्केटबॉलचं वेड किती आहे, याचा अंदाज तिथल्या जिम पाहिल्या की येतो. न्यू कॅसल हे जेमतेम सतरा-अठरा हजार वस्तीचं गाव, पण त्याच्या हायस्कूलच्या जिममध्ये आठ हजारांच्या आसपास माणसं बसतात. १९५४ साली मायलन नावाच्या इवल्याशा गावच्या शाळेनं राज्याचं अजिंक्यपद पटकावलं, ती गोष्ट तिथे आजही नातवंडांना सांगतात. अशा ठिकाणी शाळेच्या संघाचा मुख्य गार्ड, म्हणजे बॉल हाताळणारा, बास्केटपासून लांब खेळणारा खेळाडू, हा गावाचा लाडका. न्हाव्याच्या दुकानापासून चर्चपर्यंत सगळे त्याला नावानं ओळखतात.

या प्रकरणातला मुलगा अशाच एका गावातला. ओळख पटू नये म्हणून नाव, कॉलेज आणि काही बारकावे गाळले आहेत. उंची सहा फूट एक इंच, चार वर्षं शाळेच्या मुख्य संघात, शेवटच्या दोन वर्षांत सामन्यामागे पंचविसाहून जास्त गुण. मिडवेस्टमधल्या एका मध्यम ताकदीच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) कॉलेजनं त्याला पूर्ण शिष्यवृत्ती दिली आणि २०२२ च्या जूनमध्ये तो कॅम्पसवर आला. त्या संघाचं व्हिडिओ विश्लेषण माझ्याकडे होतं. सरावाची आणि सामन्यांची फिल्म कापून प्रशिक्षकांपुढे आणि खेळाडूंपुढे ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे मैदानावरचं त्याचं वर्ष मी फार जवळून पाहिलं.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंमुलीही आता शाळांच्या आणि क्लबांच्या संघांत खेळताना दिसतात. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, स्कॉलरशिप कशी मिळेल. मिळाल्यानंतरचे बारा महिने कसे जातात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी परीक्षा तर तिथेच असते.

नियम बदलतात, त्याहून जास्त माणसं बदलतात

कागदावरचे फरक आधी सांगून टाकतो. हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा, आठ-आठ मिनिटांचे चार भाग. कॉलेजात मुलांचा सामना ४० मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. हायस्कूलमध्ये तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजात मुलांसाठी ती २०१९-२० च्या मोसमापासून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली आहे. म्हणजे जवळजवळ अडीच फूट मागे. या मुलाच्या शाळेच्या सामन्यांत शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घेण्याचं बंधन, नव्हतं; कॉलेजात ३० सेकंदांचं आहे. मोसम चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव, एक दिवस सुट्टी. प्रवास, फिजिओकडचा वेळ आणि सक्तीचा अभ्यासवर्ग त्या वीस तासांत धरत नाहीत, त्यामुळे मुलाचा दिवस प्रत्यक्षात कसा भरतो हे नियम वाचून कळत नाही.

हे फरक मुलांना आधीपासून माहीत असतात. रेषा मागे गेली तर मुलं उन्हाळाभर तिथून शॉट मारतात आणि त्यांना सवय होते. ज्याची सवय करता येत नाही ती गोष्ट म्हणजे समोरचा माणूस. कोविडमुळे २०२०-२१ चा मोसम खेळाडूंच्या चार वर्षांत धरायचा नाही, असं कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेनं ठरवलं होतं. त्यामुळे २०२२-२३ मध्ये अनेक संघांत तेवीस-चोवीस वर्षांचे, पाचवा मोसम खेळणारे गार्ड होते. आमचा मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून आक्रमण रचणारा खेळाडू, हाही त्यांतलाच. अठरा वर्षांच्या पोरानं रोज सरावात अशा गड्यापुढे उभं राहायचं, ज्याने त्याच्यासारखी कितीतरी पोरं पाहिली आहेत.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या आठ आठवड्यांच्या उन्हाळी सरावात सगळ्यांचं लक्ष त्याच्या अंगकाठीवर गेलं. पोरगा सडपातळ आहे, धक्का बसला की रेटला जातो, वजन वाढवायला हवं. ऑक्टोबरपर्यंत त्याने पाचएक किलो कमावलेही. तरी पाच विरुद्ध पाच सराव सुरू झाला की तो हरवायचा.

सप्टेंबरअखेरची एक क्लिप मला अजून जशीच्या तशी सांगता येईल. डाव्या बगलेला त्याच्याकडे पास आला. त्याने बॉल झेलला, कमरेशी धरला, डावा पाय एकदा पुढे टाकून समोरच्याला हलवून पाहिलं, मग पुन्हा सरळ उभा राहिला. शाळेत हे त्याचं हुकमी अस्त्र होतं. सगळं मैदान थांबून त्याच्याकडे पाहायचं आणि तो सवडीनं आपला रस्ता निवडायचा. इथे त्या दीड सेकंदात समोरची फळी सरकून बसली. आमचा सेंटर, म्हणजे संघातला उंच खेळाडू, स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहायला, आला. मुलगा स्क्रीनवरून निघाला, पण समोरचा उंच माणूस बास्केटजवळ मागे थांबून वाट पाहत होता, पाठीमागून त्याचा स्वतःचा बचावपटू खांद्याला खांदा लावून आला आणि उजव्या कोपऱ्यातला तिसरा माणूस एक पाऊल आत घेऊन पासच्या वाटेत हात घालून उभा राहिला. मुलाने पास टाकला तो थेट त्या तिसऱ्याच्या हातात.

सहायक प्रशिक्षकांनी फिल्म थांबवून विचारलं, "इथे तुला कोण अडवतंय?"

त्याने पाठीमागून पाठलाग करणाऱ्या बचावपटूकडे बोट दाखवलं. "हा, कोच."

"अजून?"

तो बराच वेळ पाहत राहिला. कोपऱ्यातला माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता. शाळेत पहिला बचावपटू चुकवला की काम फत्ते व्हायचं, मदतीला येणारा दुसरा पोचेपर्यंत हा बास्केटखाली असायचा. तिसऱ्याकडे पाहण्याची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

दुसरी अडचण बचावाची. शाळेत त्याला फाउल होऊ नयेत म्हणून समोरच्या संघातला सगळ्यात कच्चा खेळाडू त्याच्या वाट्याला देत. शाळेच्या प्रशिक्षकांचंही चुकलं नाही, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि हा बाहेर गेला तर सामनाच गेला. पण त्यामुळे चार वर्षं बचावाच्या वेळी तो बॉलकडे पाहत उभा राहिला होता. कॉलेजातले संघ असा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हेरतात आणि प्रत्येक स्क्रीन त्याच्याच अंगावर आणून घालतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या आक्रमणात बराच काळ बॉल त्याच्याकडे नसायचाच, आणि तेव्हा काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बॉल मागायला पुढे यायचा. तो पुढे आला की त्याचा बचावपटूही पुढे यायचा आणि आमच्या पॉइंट गार्डला आत शिरायला जागाच उरायची नाही. कोपऱ्यात नुसतं उभं राहून आपल्या माणसाला तिथे अडकवून ठेवणं हेही खेळणं असतं, हे त्याला पटत नव्हतं. त्याला वाटायचं आपल्याला बाजूला टाकलंय.

प्रशिक्षकांच्या बैठकांमध्ये 'त्याचा आत्मविश्वास गेलाय' असं वारंवार बोललं जायचं. मला ते निदान तेव्हाही पटलं नव्हतं. आत्मविश्वास गेला होता हे खरं, पण तो परिणाम होता. काय पाहायचं हेच ज्याला दिसत नाही, त्याला 'बिनधास्त खेळ' सांगून काही होत नाही.

नोव्हेंबरचा निर्णय

मोसम सुरू होण्याआधी मुख्य प्रशिक्षकांपुढे तीन वाटा होत्या.

एक, रेडशर्ट. म्हणजे वर्षभर सराव करायचा, सामन्यात उतरायचं नाही. खेळाडूच्या हाताशी तेव्हा पाच वर्षांत चार मोसम असायचे, रेडशर्ट घेतलं तर त्यांतला एकही खर्च होत नसे. दोन, त्याला बदली पॉइंट गार्ड म्हणून दर सामन्यात पाच-सात मिनिटं खेळवायचं आणि चुका पोटात घालायच्या. तीन, बॉल त्याच्या हातून काढून घ्यायचा, कोपऱ्यात शूटर म्हणून उभं करायचं आणि काम मुद्दाम छोटं ठेवायचं.

रेडशर्टच्या बाजूने बोलण्यासारखं खूप होतं. १९७२ च्या आधी कॉलेजच्या मुख्य संघात पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळताच येत नव्हतं. १९६५ मध्ये यूसीएलएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी, म्हणजे तेव्हाच्या ल्यू अल्सिंडरच्या, पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेल्या खेळाडूच्या संघानं, स्वतःच्याच कॉलेजच्या मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं, तरी त्या पोरांना वर्षभर थांबावं लागलं. म्हणजे जुळवून घेण्याचं एक वर्ष तेव्हा नियमानेच मिळत असे. आताच्या काळातला डेटन कॉलेजचा ओबी टॉपिन घ्या. पहिलं वर्ष तो बाहेर बसला आणि २०२० मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला.

विरुद्ध बाजूही होती. 'रेडशर्ट' हा शब्द गावी कसा ऐकला जाईल, याची मुलाला धास्ती होती. वडिलांनी तर सरळ विचारलं, खेळवायचंच नव्हतं तर घेतलं कशाला? आणि ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आल्यापासून, विशेषतः २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर थांबण्याची अट गेल्यापासून, प्रशिक्षकांच्या मनात वेगळीच भीती असते: वर्षभर बसवलेला मुलगा मार्चमध्ये निघून गेला तर आपण दुसऱ्याच्या संघासाठी खेळाडू घडवला.

तोंडी ठरलं रेडशर्टचंच. पण पहिल्याच आठवड्यात बदली गार्डचा घोटा मुरगळला. तीन आठवड्यांची दुखापत, मधे पाच-सहा सामने. त्या रात्री अर्ध्या तासाच्या बैठकीत निर्णय फिरला आणि पुढच्या सामन्यात मुलगा मैदानात उतरला. अमेरिकन फुटबॉलमध्ये २०१८ पासून चार सामने खेळूनही रेडशर्ट राखता येत होतं. बास्केटबॉलमध्ये तेव्हा तशी सूट नव्हती. एका मिनिटासाठी उतरलं तरी मोसम खर्ची पडायचा. तीन आठवड्यांची गरज भागवण्यासाठी मुलाचं एक पूर्ण वर्ष वापरलं गेलं, आणि ज्या भूमिकेसाठी तो सगळ्यात कमी तयार होता नेमकी तीच त्याला दिली गेली.

पुढचं अपेक्षेप्रमाणे घडलं. थँक्सगिव्हिंगच्या आसपासच्या सामन्यांत त्याच्यावर पूर्ण मैदानभर दबाव टाकला गेला आणि बॉल हातातून निसटत राहिला. शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचे. कमावलेलं वजन आणि लांबची रेषा यांचा ताण त्याच्या पायांवर दिसत होता. बदली गार्ड परतला तसा तो बाकावर गेला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला जवळजवळ खेळायलाच मिळालं नाही, वर सत्राच्या परीक्षा आणि एका विषयात काठावरचे गुण. गावाहून दोन-दोन तास गाडी चालवून आलेली माणसं त्याला बाकावर बसलेला पाहून परत जायची. हे त्याला सगळ्यात जास्त लागायचं.

डिसेंबरमध्ये काय बदललं

नाताळाच्या सुट्टीआधी सहायक प्रशिक्षकांनी त्याला एकट्याला बोलावलं आणि कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. कोपऱ्यात उभा राहा. बॉल आला की अर्ध्या सेकंदात ठरव: शॉट, पास की ड्राइव्ह (बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी), धरून ठेवायचा नाही. बचावात आपला माणूस आणि बॉल दोन्ही दिसतील असाच उभा राहा. बाकी काही करू नकोस.

"आणि बॉल माझ्याकडे आलाच नाही तर?"

"तर तुझा माणूस कोपऱ्यात अडकला. तेच तुझं काम."

फिल्म पाहण्याची पद्धतही तेव्हाच बदलली. तोवर त्याला त्याच्या चुका एकामागून एक दाखवल्या जात होत्या, सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी, सगळ्या संघासमोर. आता आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं, तो, सहायक प्रशिक्षक आणि मी. क्लिप निर्णयाच्या क्षणाआधी थांबवायची आणि त्याने मोठ्याने सांगायचं: मदतीला कोण येणार, कुठून येणार, त्यामुळे आपला कोण मोकळा होणार. मग फिल्म पुढे सोडायची. निम्म्याहून जास्त क्लिप त्याच्या नव्हत्याच, आमच्या तेवीस वर्षांच्या पॉइंट गार्डच्या होत्या. दोन आठवड्यांनी तो गार्ड स्वतःहून येऊन बसायला लागला. एका क्लिपवर तो मुलाला म्हणाला, "मी पास देतो त्या माणसाकडे मी बघतच नाही. त्याला सोडून जो आत येतो, त्याच्याकडे बघतो." प्रशिक्षकांनी हेच महिनाभर वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. रोज ज्याच्याकडून मार खातोय त्याच्या तोंडून आलं तेव्हा ते पोचलं.

सामन्याच्या आदल्या दिवशीचं जड वजन उचलणं बंद झालं. अभ्यासासाठी सल्लागारांनी दुसऱ्या सत्रात सकाळचा एक वर्ग बदलून दिला. आईवडिलांशी मात्र पुरेसं बोलणं झालं नाही. किती मिनिटं खेळायला मिळतील यावर पालकांशी चर्चा करायची नाही, हा बहुतेक कॉलेज संघांचा दंडक आहे आणि तो योग्यही आहे. पण मिनिटांबद्दल बोलायचं नाही म्हणजे काहीच बोलायचं नाही असं नव्हे. मुलाला नवं काम काय दिलंय, एवढं जरी घरी कळलं असतं, तरी फोनवरचा रोजचा 'आज किती गुण केलेस' हा प्रश्न थांबला असता.

निष्पत्ती

फेब्रुवारीपर्यंत तो दर सामन्यात दहा-बारा मिनिटं खेळायला लागला. आकडे डोळ्यात भरण्यासारखे नव्हते. पण तो मैदानात असताना कोपऱ्यातला बचावपटू आत मदतीला यायला कचरायचा, ते फिल्मवर स्वच्छ दिसायचं. एका सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढलं नाही. त्याने एकही शॉट घेतला नाही, दोनदा योग्य वेळी मदतीला येऊन परत आपल्या माणसावर पोचला. माझ्या मते त्याच्या पहिल्या वर्षातली ती सर्वोत्तम दोन मिनिटं होती. गुणफलकावर त्यांची काही नोंद नाही.

मार्चमध्ये पोर्टलमध्ये नाव नोंदवण्याची ६० दिवसांची खिडकी उघडली. तो दोन आठवडे विचार करत होता. शेवटी थांबला, आणि कारण विचारल्यावर म्हणाला की इथे निदान मला काय येत नाही हे तरी कळलंय. दुसऱ्या वर्षी अनुभवी गार्ड गेल्यावर बॉल पुन्हा त्याच्या हाती आला आणि तेव्हा तिसरा माणूस त्याला दिसत होता. सुरुवातीच्या पाचांत त्याची जागा पक्की झाली, असिस्ट (ज्यांवर सोबत्याने लगेच गुण केले असे पास) वाढले, गुण सामन्यामागे दहाच्या आसपास राहिले. पंचवीस गुणांचा तो खेळाडू कॉलेजात पुन्हा दिसला नाही. कदाचित दिसणारही नाही. विस्कॉन्सिनचा फ्रँक कॅमिन्स्की पहिल्या वर्षी सरासरी १.८ गुणांवरून चौथ्या वर्षी १८.८ वर गेला, ओक्लाहोमाचा बडी हील्ड ७.८ वरून २५ वर. ही उदाहरणं खरी आहेत आणि आम्हीही ती मुलांना सांगतो. पण बहुतेकांची वाट या मुलासारखी असते: संघाला उपयोगी, भरवशाचा, शाळेतल्यापेक्षा लहान भूमिकेतला खेळाडू.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरच्या त्या अर्ध्या तासाच्या बैठकीकडे मी पुन्हा पुन्हा येतो. बदली गार्ड जायबंदी झाल्यावर मुख्य गार्डला दोन-तीन मिनिटं जास्त खेळवून आणि एका फॉरवर्डकडून बॉल पुढे आणवून ते पाच-सहा सामने काढता आले असते. त्यांतला एखादा हरलो असतो. कॉन्फरन्सचे, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांविरुद्धचे, सामने अजून सुरूही झाले नव्हते. रेडशर्टचा निर्णय कागदावर, मुलाच्या आणि घरच्यांच्या साक्षीने, कोणत्या परिस्थितीत तो मोडायचा हे लिहून घेतला असता, तर एका मुरगळलेल्या घोट्याने तो फिरला नसता. पाचवं वर्ष या मुलाच्या हाती राहिलं असतं, आणि तोवर तो तेवीस वर्षांचा, समोरच्या पोरांना दमवणारा गार्ड झाला असता.

याविरुद्ध एक बाजू मांडली जाते, आणि ती सहज झटकण्यासारखी नाही. नोव्हेंबरमध्ये तोंडावर आपटला नसता तर डिसेंबरमध्ये त्याने ऐकलं असतं का? सहायक प्रशिक्षकांच्या मते नसतं. बाहेर बसून त्याला वाटलं असतं की संधी मिळाली तर मी दाखवून देईन. मला वाटतं, सरावात रोज तेच घडत होतं आणि फिल्म होती. ठेच लागायला सामनाच हवा असं नाही. पण यावर आमचं एकमत झालं नाही.

त्या तीन ओळी मात्र जूनमध्येच द्यायला हव्या होत्या, याबद्दल कुणाचं दुमत नाही. उन्हाळ्याचे आठ आठवडे वजनावर आणि शॉटवर गेले. त्यांतले चार जरी बॉलशिवाय खेळायला शिकवण्यावर गेले असते तरी फरक पडला असता. शाळेच्या प्रशिक्षकांनाही शेवटच्या वर्षात यातलं थोडं करता येतं. निकाल ठरलेल्या सामन्यांत बॉल दुसऱ्याच्या हातात द्यायचा, या मुलाला कोपऱ्यात उभं करायचं आणि बचावात समोरचा चांगला गार्ड त्याच्या अंगावर सोडायचा.

त्या कॉलेजच्या भरतीत यामुळे एक बदल झाला. पूर्वी मुलांकडून उत्तम शॉट, डंक आणि पास यांची चार मिनिटांची फिल्म यायची. आता शाळेच्या प्रशिक्षकांकडून एक पूर्ण सामना, न कापलेला, मागवला जातो, शक्यतो हरलेला. तो पाहताना मुलाच्या हातात बॉल असतानाचा भाग पुढे ढकलायचा आणि उरलेलं पाहायचं, असं ठरलेलं आहे.